लोणच्याची ओळ

"एका पानात बसवा मॅडम. दोन पानं झाली की अण्णा प्रश्न विचारायला लागतात."

शीतलसर माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनवर बोट नाचवत होते. काचेला बोट लावलं की डाग पडतो, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. पण मालकाच्या पुतण्याला अकराव्यांदा सांगता येत नाही, म्हणून ते गेले की मी मुकाट्याने स्क्रीन पुसून घ्यायची.

"कुठला रिपोर्ट काढू?" मी विचारलं. "महिनावार, मागच्या वर्षाशी तुलना की खातेनिहाय?"

"खातेनिहाय. कॉमन खर्च वाटून टाका, हेडकाउंटवर. आतल्या ओळी सगळ्या मिटवा. विक्री, खर्च, कॉमन खर्चाचा वाटा आणि शेवटी निव्वळ. बास. शून्य असलेल्या ओळी लपवा. आणि तोटा लाल रंगात."

"अण्णांना लाल कुठे दिसतं?"

"आईला दिसतं," ते म्हणाले.

जयसिंगपूरच्या मगदूम गृहउद्योगात मी तेव्हा दहा वर्षं अकाउंट्स सांभाळत होते. मालक दोन. एक भूपालअण्णा, ज्यांनी हा धंदा एका चुलीवर सुरू केला, आणि दुसरे त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचे चिरंजीव, म्हणजे हे शीतलसर, पुण्याहून एमबीए करून आलेले. खाती तीन होती. मसाल्यात नऊ माणसं. शीतलसरांनी नव्याने काढलेल्या मिक्समध्ये, म्हणजे ढोकळा-इडलीच्या तयार पिठांत, नऊ माणसं. आणि पापडात बेचाळीस बायका.

मी बटण दाबलं. चार ओळी, तीन रकाने, खाली निव्वळ. पापडाखाली लाल कंसात अकरा लाख वीस हजार. मिक्सखाली काळ्या शाईत एक लाख साठ हजार नफा.

"बघा," शीतलसर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, असं मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांना मिक्स मनापासून मोठं करायचं होतं, आणि मिक्सच्या दुसऱ्या मशीनला जागा फक्त पापडाच्या हॉलमध्ये होती. "अकरा लाखांचं भोक आहे. किती वर्षं पोसायचं?"

"आणि बायका?"

"मी कुठे काय म्हणतोय? कागद म्हणतोय. यातला एक तरी आकडा खोटा आहे का, सांगा."

नव्हता. एकही आकडा खोटा नव्हता. तीच तर गंमत होती.

"गेल्या वर्षीचा फॉरमॅट सेव्ह केलेला आहे ना? तोच घ्या, म्हणजे पुन्हा जुळवत बसायला नको."

"आहे," मी म्हटलं.

"रविवारी वाचन. दहा वाजता." आणि ते गेले. मी फडकं घेतलं.

आता हे वाचन काय, ते सांगायला हवं. अण्णांचे डोळे काचबिंदूने गेले होते. उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळायचा, तेवढाच. त्यामुळे दरवर्षी एप्रिलमध्ये, महावीर जयंतीच्या अलीकडच्या रविवारी, वर्षाचा नफा-तोटा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. वाचायची मी. ऐकायला अण्णा, शीतलसर आणि त्यांच्या आई, म्हणजे काकी. अण्णांचे नियम कडक होते. कागदावर आहे ते सगळं वाचायचं, मधलं काही गाळायचं नाही. वाचन चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. आणि जे कागदावर नाही ते अण्णांच्या कानात जाऊन सांगायचं नाही. एकदा मसाल्याचा सुपरवायझर तसं काही सांगायला गेला होता, तर अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "कागदावर आण, मग ऐकतो," म्हणाले. वाचून झालं की ते सही करायचे, म्हणजे मी बोट धरून जागा दाखवायची आणि ते नाव काढायचे. त्या सहीवर पुढचं वर्ष चालायचं.

शुक्रवारी दुपारी हौसाक्का वर आली.

हौसाक्का पापड लाटायची, पण ती मुळात पापडातली नव्हे. बावीस वर्षं ती लोणचं खात्याची मुकादम होती. कैरी हातात घेऊन न कापता आतली बाठ सांगायची. गेल्या वर्षी लोणचं बंद झालं, अठरा जणींपैकी तेरा घरी गेल्या, पाच पापडात घेतल्या, त्यांत ही. मुकादमीण होती ती पोळपाटावर बसली. पण चालताना अजून मुकादमासारखीच चालायची, आणि वर यायला कुणाची परवानगी घ्यायची नाही.

"मॅडम, आमचा हॉल रिकामा करणार हाईत म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"म्हणायची काय गरज हाय? मिक्सचा त्यो इंजिनेर टेप घिऊन आला, ह्या भितीपासनं त्या भितीपातूर मापं घिऊन गेला. आमच्या पायावरनं टेप वडली त्यानं."

ती माझ्या टेबलाजवळ आली आणि स्क्रीनकडे बघायला लागली. बोट लावलं नाही.

"ह्यात आमी कुठं हाय?"

मी दाखवलं. "हे पापड. हा लाल आकडा तोटा. अकरा लाख."

"गेल्या साली?"

"चार."

"पापड थोडं जास्तीच खपल्यात की. पाच बाया आमी जास्तीच्या आलो, खरं. पण आमचा पगार काय सात लाख हाय व्हय? मंग वरचा तोटा आला कुठनं?"

हा प्रश्न तोपर्यंत मला शीतलसरांनी विचारला नव्हता, काकींनी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारायचं टाळलं होतं. मी तिला समजावलं. ऑफिस, गाडी, जाहिरात, शीतलसरांची पुण्यातली खोली, असा सगळा मिळून छत्तीस लाखांचा कॉमन खर्च. तो माणसांच्या संख्येवर वाटायचा. कारखान्यात साठ माणसं, म्हणजे डोक्यामागे साठ हजार. पापडाची बेचाळीस डोकी, म्हणून पापडावर पंचवीस लाख.

"साठ हजार वरसाला? एका डोक्याला?"

"हो."

"मला वरसाला किती मिळत्यात?"

"चोपन्न."

ती मग हातावरचं पीठ झटकत म्हणाली, "म्हंजे मला देत्यात त्याच्यापरीस जास्त माज्या डोक्यावर ठेवल्यात. आन मीच तोट्यात. ह्ये कुणी ठरिवलं?"

"सॉफ्टवेअरमध्ये तसं निवडता येतं," मी म्हटलं.

भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"निवडता येतं म्हंजे दुसरं बी निवडता येत असंल की," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी तिचाच आला. मी काय पापडाची वकील आहे? मला पगार शीतलसर देतात. मुलीची बारावी आहे. पण माझा राग असा आहे, की तो एकाच जागी फार वेळ थांबत नाही, हिंडून फिरून मूळ मालकाकडे जातो. चार वाजेपर्यंत तो माझ्याचकडे आला. मी चहा न घेता मशीनसमोर बसले आणि रिपोर्टची यादी पुन्हा उघडली.

पहिल्यांदा वाटपाचा खर्च वेगळा काढला. प्रत्येक खात्याची स्वतःची कमाई आधी, म्हणजे विक्रीतून त्या खात्याचा स्वतःचा खर्च वजा, आणि कॉमन खर्च सगळ्यात शेवटी. मग मागच्या वर्षाचा रकाना जोडला. मग कॉमन खर्चाच्या डाव्या बाजूला असलेलं बारीक अधिकचं चिन्ह दाबलं. आतल्या ओळी एकेक करून खाली उतरल्या. त्यात जाहिरात होती, नऊ लाख. तिची व्हाउचरं मीच चढवली होती. सगळीच्या सगळी मिक्सची जाहिरात. ती कॉमन खर्चात कशी, तर शीतलसर म्हणाले होते "ब्रँड सगळ्यांचाच आहे," म्हणून.

मग राहिली एकच खूण, शून्य ओळी लपवा. ती मी काढली.

मिक्सच्या खाली एक नवी ओळ आली. लोणचं. यंदा शून्य. मागील वर्ष, स्वतःची कमाई तीन लाख.

मी उठले, पाणी पिऊन आले, पुन्हा बसले. ओळ तिथेच होती.

सॉफ्टवेअरने विचारलं, फॉरमॅटला नाव द्या. मी लिहिलं, हौसाक्का. पुन्हा विचारलं, पासवर्ड लावायचा का? मी लावला. म्हणजे माझ्याशिवाय तो कुणाला बदलता किंवा पुसता येणार नव्हता. प्रिंट काढली. दोन पानं झाली.

रविवारी सकाळी दहाला अण्णांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. अण्णा खिडकीपाशी, पांढरं धोतर, हात काठीवर. काकी भिंतीला टेकून. शीतलसरांच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात नव्या मशीनचं कोटेशन आणि हॉलचा नकाशा.

"आणलंत ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"आणलंय."

"चला, वाचा बाई," अण्णा म्हणाले.

मी वाचायला लागले. "मसाला. स्वतःची कमाई, यंदा तीस लाख. मागील वर्ष, तीस लाख." शीतलसर लॅपटॉपवरून मान वर न करता ऐकत होते. "पापड. स्वतःची कमाई, यंदा चौदा लाख. मागील वर्ष, चौदा लाख."

शीतलसरांची मान वर आली. "मॅडम, हे कुठलं…"

अण्णांनी काठी एकदा जमिनीवर आपटली. एवढंच केलं. शीतलसर गप्प बसले, कारण हा नियम त्यांनी लहानपणापासून बघितला होता.

"मिक्स. स्वतःची कमाई, यंदा सात लाख. मागील वर्ष, सात लाख." मी पान उलटलं. "लोणचं. यंदा शून्य. मागील वर्ष, तीन लाख."

"परत वाच ती वळ," अण्णा म्हणाले.

"लोणचं. यंदा शून्य. मागील वर्ष, तीन लाख."

"कमाई?"

"कमाई."

"फुडं."

मी कॉमन खर्च वाचला, अगदी सावकाश. पुण्यातली खोली वाचली. गाडीचा हप्ता आणि डिझेल वाचलं. "जाहिरात, मिक्स, नऊ लाख" असं वाचलं, कारण मी त्या ओळीला मिक्स हा शब्द जोडला होता आणि तो व्हाउचरवर होताच. शीतलसरांचा चेहरा लाल झाला. तो लाल रंग काकींना दिसला असणार. काकी पदर सारखा करत होत्या. मी थांबले नाही. सांगते खरं, त्या दहा मिनिटांत मला जो आनंद झाला तो दहा वर्षांच्या पगारवाढीत कधी झाला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मला मध्येच गप्प करायची कुणाची ताकद नव्हती, आणि तो नियम त्यांच्याच घरचा होता.

"कारखान्याचा एकूण निव्वळ नफा. मागील वर्ष, अठरा लाख. यंदा, पंधरा लाख. संपलं."

खाली मसाल्याचं मशीन चालू होतं, त्याची घरघर जमिनीतून येत होती.

"आता बोला," अण्णा म्हणाले.

शीतलसर बोलले. हा फॉरमॅट नेहमीचा नाही, मॅडमनी परस्पर बदललाय, कॉमन खर्च वाटला नाही तर खरं चित्र दिसत नाही, सगळीकडे असंच वाटतात. सगळं शिकलेल्या माणसासारखं बोलले. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, वाटून काय येतं?"

"डोक्यांवर वाटला तर पापड अकरा लाख तोट्यात येतं."

"आन पापड बंद केलं तर?"

"ते कागदावर नाही, अण्णा."

"मी इचारतोय न्हवं."

"पापडाची चौदा लाख कमाई जाईल. ऑफिस, गाडी, जाहिरात, सगळं तिथंच राहील. पंधरा लाखांचा एक लाख उरेल."

"आन मंग त्यो खर्च कुणाच्या डोक्यावर?"

"मसाल्याची नऊ आणि मिक्सची नऊ. अठरा-अठरा लाख. मग पुढच्या वर्षी याच फॉरमॅटमध्ये मिक्स अकरा लाख तोट्यात दिसेल."

काकी चटकन म्हणाल्या, "म्हणजे मग मिक्स बंद?"

"कागद तसंच म्हणेल काकी," मी म्हटलं. हे मी मुद्दाम म्हटलं. शीतलसरांनी माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

अण्णांनी हाक मारली, "खाली कोण हाय? हौसाला वर बोलवा."

रविवारी पापड चालू असायचं, उन्हाळ्यात वाळवणाचा दिवस कुणी सोडत नाही. हौसाक्का आली ती ओल्या पिठाच्या हातांनीच. दाराशी उभी राहिली.

"हौसा, लोणच्याच्या बरण्या कुठं हाईत?"

"इकल्या, अण्णा. भंगारात. शीतलसरांनी."

"समद्या?"

"दोन हाईत. मी घरी नेल्या हुत्या. पाणी भरत्यो त्यात."

अण्णांनी मान हलवली. मग माझ्या दिशेला तोंड केलं. डोळे नव्हते तरी माणूस बरोबर जागी बघायचा.

"बाई, गेल्या साली मी लोणचं बंद करायच्या कागदावर सही केली. सहा लाख तोटा म्हणून. तवा लोणच्याची कमाई तीन लाख हुती?"

"होती."

"मग मला ती का वाचून दावली न्हाई?"

"त्या कागदावर ती ओळ नव्हती, अण्णा."

"कुणी काढला त्यो कागद?"

शीतलसर खाली बघत होते. ते बोलले असते तर चाललं असतं, सांगणारे तेच होते. पण कागद त्यांनी काढला नव्हता. त्यांना तेव्हा रिपोर्टची यादीही उघडता येत नव्हती. ते म्हणाले होते, लोणच्याचं काहीतरी बघा मॅडम, परवडत नाहीये. आणि मी, नवं सॉफ्टवेअर हातात आल्याच्या हौसेने, दोन दिवस बसून ती चार ओळींची, एका पानाची, लाल कंसाची मांडणी जुळवली होती. डोक्यांवर वाटायची कल्पनासुद्धा माझी. किती सुटसुटीत झालंय, असं शीतलसर म्हणाले तेव्हा मी लाजले होते. मग रविवारी मीच तो कागद अण्णांना वाचून दाखवला, सगळ्या ओळी, मधली एकही न गाळता, आणि त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली.

"मी काढला," मी म्हटलं. "मांडणी माझीच होती. सरांनी फक्त काढायला सांगितलं."

दाराकडे बघायची माझी छाती होत नव्हती. पण आवाज तिकडूनच आला.

"तवा म्हायत हुतं तुमाला?"

"तेव्हा नाही. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं. लोणचं गेलं, पण त्याचा खर्च गेला नाही, पापडावर सरकला, तेव्हा."

"मंग वरीसभर काय करत हुता मॅडम?"

त्या वर्षात मी काय केलं? पगार घेतला. मुलीला क्लास लावला. तेरा बायका कुठे गेल्या ते विचारलं नाही. स्क्रीन पुसली. मी मान खाली घातली नाही, एवढंच म्हणू शकते, कारण मान खाली घालणं सोपं झालं असतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि तिने मला बघू दिलं.

अण्णा म्हणाले, "पापडाचा हॉल पापडाकडंच राहील. शीतल, जाहिरात मिक्सच्या खात्यात टाक, आन मग मला मिक्सचं सांग. हौसा, कैरी कवा येईल बाजारात?"

"यायला लागलीया."

"मग बरण्या बघ."

"पयल्यांदा बाया बघाय पायजेत, अण्णा," हौसाक्का म्हणाली. "बरण्या काय, मिळत्यात."

अण्णांनी सही करायला हात पुढे केला. मी बोट धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"आज हौसा दावंल जागा," ते म्हणाले.

हौसाक्काला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, कुठं? मी दाखवलं. मग तिने अण्णांचं बोट धरून तिथे टेकवलं. त्या कागदावर सहीच्या बाजूला ओल्या उडदाच्या पिठाचा डाग पडला. मी तो पुसला नाही.

जिन्यात शीतलसरांनी मला गाठलं. "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"मी फक्त वाचलं, सर."

"मला आधी सांगता आलं असतं."

"बायकांचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कागद म्हणतोय. मग म्हटलं, कागदालाच बोलू दे."

"नोकरी करायची नाहीये का तुम्हाला?"

"करायची आहे," मी म्हटलं. "तुम्ही काढून टाकलंत तर जाईन. स्वतःहून नाही जाणार."

त्यांनी काढलं नाही, अण्णा असेपर्यंत तसं करता येणार नव्हतं. तेरा जणींपैकी लोणच्यात आठ परत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. एक मुलीकडे मिरजेला गेली होती, दोघी द्राक्षाच्या बागेत कामाला लागल्या होत्या, दोघींनी निरोपाला उत्तरच दिलं नाही. हौसाक्का पुन्हा मुकादम झाली. माझ्याशी गोड कधीच बोलली नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता वर यायची, टेबलापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "आमची वळ दावा." मी दाखवायची. आकडा विचारायची, पाठ करायची आणि जायची. सात वर्षं. अण्णा गेले त्या महिन्यातसुद्धा आली.

अण्णांना जाऊन महिना उलटल्यावर शीतलसरांनी मला तीन महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला. मी सांगलीत स्वतःचं ऑफिस टाकलं. आता अकरा जणांचे हिशेब माझ्याकडे आहेत आणि एकालाही मी एका पानात बसवत नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला. मगदूमांकडे नवी अकाउंटंट म्हणून लागली होती. आवाज घाबरलेला.

"मॅडम, सिस्टिममध्ये तुमच्या नावाचा एक जुना फॉरमॅट आहे. हौसाक्का. त्यात शून्य ओळी लपतच नाहीत, दोन पानं होतात. आणि लोणच्यातल्या त्या आजी दर महिन्याला येऊन तोच काढ म्हणतात. सर म्हणतात, डिलीट करून टाक. पण तो तुमचा पासवर्ड मागतोय."

"अजून येतात का त्या?"

"पाच तारखेला. बसत नाहीत, उभ्याच असतात."

पासवर्ड मला तोंडपाठ होता. त्यात तेरा हा आकडा आहे, आणि तो पासवर्ड मी अजूनपर्यंत दुसरीकडे कुठेच वापरलेला नाही.

"मॅडम, आठवत नाही का? मी तसं सांगते सरांना, विसरल्या म्हणून."

"नाही," मी म्हटलं. "आठवतोय. पण देणार नाही. असंच सांग त्यांना, जसंच्या तसं. मधलं काही गाळू नकोस."